दारू सुटली, सिगरेट राहिली

व्यसनमुक्तीची ट्रीटमेंट घेतलेला माणूस पुढे वारला की लोक लगेच बोलतात, परत प्यायला लागला असेल, लिव्हर गेलं असेल. होतं तसंही. हेरॉइनवाल्यांचं तर अजून वेगळं, डिटॉक्सनंतर, म्हणजे शरीरातून नशा उतरवल्यावर, शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर येऊन जुनाच डोस घेतला की श्वासच थांबतो. पण ट्रीटमेंट घेऊन बरीच वर्षं झालेली माणसं कशाने जातात, हे बरीच वर्षं नीट कोणी बघितलंच नव्हतं.

अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रिचर्ड हर्ट आणि टीमने ते बघितलं. १९७२ ते १९८३ मध्ये तिथे व्यसनासाठी अ‍ॅडमिट झालेले स्थानिक ८४५ लोक घेतले, त्यातले जे वारले त्यांच्यापैकी २१४ जणांचे मृत्यूचे दाखले मिळवले आणि १९९६ ला आकडे छापले: तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांनी गेलेले ५०.९ टक्के, दारूमुळे ३४.१. म्हणजे ज्यासाठी अ‍ॅडमिट केलं त्यापेक्षा खिशातल्या सिगरेटच्या पाकिटाने जास्त नेले!

खरं तर उदाहरण आधीपासून डोळ्यासमोर होतं. १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही मीटिंगा घेऊन एकमेकांना दारू सोडायला मदत करणाऱ्यांची संघटना सुरू करणाऱ्या दोघांपैकी बिल विल्सन, शेवटचा पेला डिसेंबर १९३४ मध्ये, त्यानंतर ३६ वर्षं थेंब नाही, आणि जानेवारी १९७१ मध्ये गेले ते एम्फिसीमा (फुफ्फुसं निकामी करणारा आजार) आणि न्यूमोनियाने, कारण सिगरेट. त्या मीटिंगांमध्ये कॉफी आणि धूर दोन्ही ठरलेलंच, समुपदेशक पण बरेचदा स्वतः दारू सोडलेले आणि सिगरेट ओढणारे, मग पेशंटला कोण सांगणार? वर समजूत अशी की एका वेळी एकच सोडू दे, सगळं काढून घेतलं तर बिचारा परत बाटलीकडे जाईल.

ही समजूत २००४ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज झाली तेव्हा हलली, ट्रीटमेंटमध्येच तंबाखू सोडायला मदत मिळालेल्यांची दारू-ड्रग्जपासून लांब राहण्याची शक्यता उलट २५ टक्क्यांनी जास्त निघाली. न्यूयॉर्क राज्याने २००८ मध्ये सगळी उपचार केंद्रं तंबाखूमुक्त करायचा नियमच काढला.

आपल्याकडे तर धूरही लागत नाही. चुन्याची डबी, मिश्री, गुटखा (२०१२ पासून महाराष्ट्रात बंदी, तरी टपरीवर मिळतोच), आणि घरचे कौतुकाने सांगतात, आता काही व्यसन नाही हो त्यांना, फक्त तंबाखू खातात.