सुई गादी जागेवर बसवत नाही

मावशीची कंबर फारशी दुखत नव्हती. कळ निघायची ती उजव्या कुल्ल्यातून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने उतरायची आणि थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. सदाशिव पेठेतल्या घराचे दोन जिने उतरणं तिने सोडूनच दिलं होतं. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं तेव्हा तिने पहिलंच विचारलं, “त्याने गादी परत आत जाते का हो?”

नाही जात. तरीही कळ थांबू शकते, आणि ती का थांबते हे प्रत्येक पेशंटला कुणीतरी नीट सांगायला हवं.

सरकलेल्या गादीने नस दबून सायटिका, म्हणजे अशी पायात उतरणारी कळ, होते हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या सर्जननी १९३४ मध्ये मांडलं. पण नुसता दाब हे अर्धंच उत्तर. १९९३ मध्ये स्वीडिश संशोधकांनी डुकरांच्या नसांच्या मुळांवर गादीतला मऊ गर फक्त ठेवला, दाब दिलाच नाही. तरी नसांचं काम बिघडलं. हा गर बाहेर आला की दाह पेटतो, नस सुजते आणि सुजलेल्या नसेला एरवी पुरणारी जागाही अपुरी पडते.

इंजेक्शनमधलं स्टिरॉइड हा दाह शमवतं. मावशीला पालथं झोपवून जागा बधिर केली. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत सुई नसेजवळ नेली, आधी थोडं रंगद्रव्य सोडून जागेची खात्री केली. औषध जाताना तीच ओळखीची कळ अंगठ्यापर्यंत गेली. “मी ओरडलेच, हीच ती!” असं तिने घरी आल्यावर सांगितलं.

गुण यायला दोन-तीन दिवस, कधी आठवडा लागतो. तो काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो आणि सगळ्यांनाच येतो असं नाही. पण मिळालेला हा वेळ मोलाचा आहे, कारण तेवढ्यात शरीरातल्या पेशी बाहेर आलेला गर बऱ्याचदा स्वतःच हळूहळू खाऊन टाकतात. व्यायामही याच काळात सुरू करता येतो.

मधुमेह असेल तर साखर काही दिवस वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. आणि लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल अचानक लुळं पडलं, तर इंजेक्शनची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.