शीट रोलवरची एक ओळ: सैनिकाच्या नोंदीतल्या चुका आणि त्यांच्या दुरुस्तीची पार्श्वभूमी

सातारा, रत्नागिरीकडच्या जुन्या गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी पाटी दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने लावलेली. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यावरचा मजकूर. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगे गावातले तर ४६ जण त्या युद्धात कामी आले. पाट्यांवर आकडा आहे, नाव कोणाचे नाही.

इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाचेही तेच. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तुर्की फौजेने वेढलेल्या कुत गावात त्यांची उपासमार झाली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि उरलेले कैदेत गेले. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, त्या मोहिमेत ज्यांची कबरही सापडली नाही, त्यांच्यासाठी हे स्मारक उभे राहिले. त्यावर इंग्रज आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या दिली. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावानिशी, काहींची तर कशीच नोंद झाली नाही, असे त्या अहवालात आहे. मेलेल्यांत हिंदी होते, आफ्रिकी होते, इजिप्तचे होते.

माजी सैनिकाच्या कागदातली चूक आज का सुधारत नाही, हा प्रश्न मला कोणी विचारला की मी या पाट्यांपासून सुरुवात करतो. शिपायाची नोंद त्याच्यासाठी कधी ठेवलीच गेली नव्हती. पगार किती वाटला, माणसे किती उरली, नवी किती भरायची, या हिशेबासाठी ती होती. तिच्यात त्याचे नाव बरोबर आहे की नाही, हे बघायला त्याला कोणी बोलावले नाही.

भरती झाली की शिपायाचा शीट रोल, म्हणजे त्याच्या सेवेचे मूळ नोंदपत्रक, तयार होतो. गाव, तालुका, बापाचे नाव, जन्मतारीख, अंगावरच्या खुणा, शिक्षण, आणि पुढे नोकरीभरात जे जे घडेल ते. लग्न झाले, मूल झाले, बढती मिळाली, बदली झाली की युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या घटनेचा नोंदहुकूम, काढते. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, पगाराच्या हिशेबखात्याला जाते आणि मगच ती गोष्ट लष्कराच्या दृष्टीने घडलेली असते. या प्रत्येक घटनेला लष्करी कागदांत ‘कॅज्युल्टी’ म्हणतात, एरवी हा शब्द मेलेल्या-जखमी माणसांसाठी. लग्नसुद्धा कॅज्युल्टी आणि बारसेसुद्धा. पार्ट टू ऑर्डर निघाली नाही, तर दहा हजार माणसांना जेवण घालून केलेले लग्नही रेकॉर्डवर नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीचे कागद बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, गार्ड्सचे कामठीला. ज्या रेजिमेंटचे सेंटर जिथे, तिचे रेकॉर्ड ऑफिस तिथे. शिपाई निवृत्त होऊन जतला किंवा खटावला घरी येतो. त्याचा शीट रोल तिकडेच राहतो. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम, एवढेच त्याच्या हाती. ती दोन्ही इंग्रजीत. कित्येक घरांत ते कागद देव्हाऱ्यामागे नाहीतर ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वीस-वीस वर्षे नीट जपलेले असतात, आणि त्यात काय लिहिले आहे हे घरात कोणी वाचलेले नसते.

चुका कुठून शिरतात, हे मुळापासून पाहायला हवे, कारण दोष शिपायाच्या माथी मारायची सवय फार जुनी आहे.

आधी जन्मतारीख. आपल्याकडे एक जूनला वाढदिवस असणारी माणसे घरोघरी आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला लागतो का बघायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत कोतवालाने सांगितलेले असे ते वेगळेच; तिथे कित्येकदा ‘अमक्याला मुलगा झाला’ एवढीच नोंद, मुलाचे नाव नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेला मुलगा भरतीच्या मैदानावर उभा राहिला की दाखला असेल तर दाखल्यावरचे, नसेल तर बघून अंदाजे वय. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली. त्या घाईत ट्रकमागून ट्रक भरून आलेल्या पोरांचे वय कोण तपासत बसणार? पोरेही पोटासाठी वर्ष-दोन वर्षे वाढवून सांगत.

मग नाव. इंग्रजीत ‘ळ’ नाही. काळे आणि काले, माळी आणि माली कागदावर एकच होतात. क्लार्क पंजाबचा नाहीतर तमिळनाडूचा असला की ‘ज्ञानू’चे स्पेलिंग तो त्याच्या कानाने लिहिणार, आणि बरोबर लिहिले का हे बघण्याइतकी इंग्रजी समोरच्या शिपायाला नसणार. आपल्याकडे आडनाव पुढे की मागे, बापाचे नाव मध्ये की नाहीच, हा घोळ तर बँकेतही होतो.

सर्वांत जास्त झळ बायकांना बसते. लग्नात ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीने नवे नाव लिहितो, ही आपली रीत. माहेरची सोनाबाई सासरी लक्ष्मी होते. माझ्या थोरल्या मावशीचे नेमके हेच झाले. काका १९६३ ला भरती, ६५ आणि ७१ दोन्ही लढाया पाहिलेले. लग्नानंतर युनिटला कळवताना त्यांनी तिचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव दिले असावे. शीट रोलवर ती सोनाबाई. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई. आधारवर नुसती लक्ष्मी, आणि जन्माचे वर्ष चारने पुढे. काका होते तोवर हे कोणाच्या लक्षातही आले नाही. ते गेले त्याच्या पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद झाली, आणि फॅमिली पेन्शनच्या अर्जावर शेरा आला, की अर्जदार आणि नोंदीतली पत्नी एकच असल्याचे सिद्ध करावे. पन्नास वर्षे संसार केलेल्या बाईला मी त्या ओळीचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग मी कोण होते रे?’’ मला उत्तर देता आले नाही.

तारखेच्या चुकीने गाजलेले प्रकरण शिपायाचे नाही, थेट लष्करप्रमुखांचे आहे. जनरल व्ही. के. सिंग यांनी १९६५ मध्ये एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेचा अर्ज भरला, त्यावर जन्मतारीख पडली १० मे १९५०. शाळेच्या प्रमाणपत्रावर १० मे १९५१. पुढची चार दशके लष्कराच्या मुख्यालयातल्या दोन शाखांनी दोन तारखा सांभाळल्या. नोंदी सांभाळणाऱ्या ॲडज्युटंट जनरलच्या शाखेत १९५१, आणि बढत्या ठरवणाऱ्या मिलिटरी सेक्रेटरीच्या शाखेत १९५०. सरकारने १९५० धरले. जानेवारी २०१२ मध्ये पदावर असलेला लष्करप्रमुख सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला, असे आधी कधी झाले नव्हते. न्या. लोढा आणि न्या. गोखले यांच्या पीठापुढे १० फेब्रुवारीला सुनावणी झाली. सिंग यांचा तक्रारअर्ज फेटाळणारा हुकूम सरकारने मागे घेतला, पण तारीख बदलून देण्याची न्यायालयाची तयारी दिसली नाही आणि सिंग यांनी याचिका मागे घेतली. ३१ मे २०१२ ला ते १९५० च्या तारखेनेच निवृत्त झाले.

त्या वादात कोणाचे बरोबर होते यावर तेव्हा चिक्कार बोलले गेले. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एकाच माणसाच्या दोन तारखा एकाच मुख्यालयात चाळीस वर्षे नांदू शकतात, हे त्या दिवशी देशाने पाहिले. नोकरीत आल्यावर दोन वर्षांच्या आतच जन्मतारीख बदलून मागता येते, असा लष्कराचा नियम. सेवेच्या अखेरीस तारीख बदलू नये यावर न्यायालयेही ठाम आहेत, आणि त्यामागचे कारण मला पटते. एकाचे वय कमी झाले की मागच्याची बढती जाते. पण हाच नियम निवृत्त हवालदाराच्या बायकोच्या जन्मतारखेपर्यंत ओढत नेला जातो तेव्हा तो पटत नाही. तिच्यामुळे कोणाची बढती अडली आहे?

नाव-तारखेपेक्षा खोल जखम करणारी नोंद वैद्यकीय बोर्डाची. आजारपणामुळे नोकरीतून काढताना बोर्ड लिहिते की हा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. त्या एका वाक्याने अपंगत्वाची पेन्शन जाते. सियाचिनला राहून आलेल्याला रक्तदाब आणि वाक्य तेच, पंधरा वर्षे घरापासून लांब राहून मन बिघडलेल्यालाही तेच. सिग्नल्स कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागात, १९८५ ला भरती झालेला एक शिपाई १९९४ ला फिट्सच्या आजारावरून घरी पाठवला गेला होता. त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये निकाल दिला. लष्कराला त्याचे सांगणे थोडक्यात असे. भरतीच्या वेळी शिपाई तंदुरुस्त होता असे तुम्हीच लिहिलेत. तेव्हा आजाराची नोंद केली नाहीत. तर नंतरचा आजार सेवेतलाच मानला पाहिजे, आणि नसेल तर कारणे देऊन लष्कराने दाखवावे. इतकी वर्षे पुरावा शिपाई शोधत होता. या निकालाने तो भार निदान या बाबतीत उलटा फिरवला, म्हणून माजी सैनिकांचे वकील आजही पहिल्यांदा हाच निकाल पुढे ठेवतात.

ज्यांना पेन्शनच नाही, त्यांची गोष्ट आणखी अवघड. पेन्शन न मिळालेल्या शिपायाचे सेवेचे कागद २५ वर्षे ठेवून मग नष्ट करायचे, असा नियम. लाँग रोलवर, म्हणजे कायम ठेवायच्या नोंदवहीत, नावाची ओळ तेवढी उरते. जुन्या काळी काही वर्षे पलटणीत आणि मग काही वर्षे राखीव दलात अशी नोकरी असे. दोन्ही मिळून पंधरा वर्षे भरली की राखीव शिपायाचे पेन्शन. हे कित्येकांना म्हातारपणी कळले. तोपर्यंत कागद नष्ट झालेले. मग सरकार म्हणे, सेवा किती ते दाखवा.

दाद मागायची कुठे? नोकरीत असताना आर्मी ॲक्टच्या कलम २६ आणि २७ खाली तक्रार, ती लष्कराकडेच. निवृत्तीनंतर अर्ज, तो त्याच रेकॉर्ड ऑफिसला. ते नाही म्हणाले की पूर्वी एकच वाट, हायकोर्टात रिट. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि न्यायाधिकरण ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रासाठी मुंबईचे पीठ. त्यामुळे साताऱ्याच्या सुभेदाराला आपले म्हणणे मांडायला लष्कराबाहेर खास सैनिकांसाठीची एक हक्काची जागा प्रथमच मिळाली, हे मी मनापासून मान्य करतो. पण तिथेही वकील लागतो आणि मुदत असते. चूक तीस वर्षांची असली तरी थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सैनिकाच्या प्रकरणात तशी मर्यादा घातली.

अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. तिथे पूर्वी एखाद्या सैनिकाची नोंद बदलायची तर काँग्रेसमध्ये त्या एका माणसापुरते विधेयक आणावे लागे. असल्या विधेयकांनी सभागृह तुंबले, तेव्हा १९४६ च्या कायद्याने हे काम नागरी सदस्यांच्या मंडळांकडे दिले. चूक असेल तर दुरुस्ती आणि अन्याय असेल तर तोही दूर करणे, हे दोन्ही अधिकार त्यांना आहेत. डॉ. मेरी वॉकर या यादवी युद्धातल्या शल्यचिकित्सक. त्यांना दिलेले सर्वोच्च शौर्यपदक १९१७ मध्ये काढून घेतले, ते लष्कराच्या अशाच मंडळाच्या शिफारशीवरून १९७७ मध्ये परत मिळाले, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. तिथेही सगळे गोड नाही. १९७३ मध्ये सेंट लुइसजवळच्या अभिलेखागाराला आग लागून एक कोटी साठ ते ऐंशी लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. पण नोंद लिहिणारा आणि ती तपासणारा वेगळा असावा, हे त्यांनी कायद्यात आणले. आपल्याकडे तसे मंडळ नाही.

अलीकडे पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकप्रणालीवर गेली. पूर्वी बँकेचा ओळखीचा कॅशियर नावातली एखादी वेलांटी चालवून घेई. संगणकात आधारचे नाव आणि पीपीओचे नाव अक्षराला अक्षर जुळावे लागते. साठ वर्षांपूर्वी कोणा क्लार्कने घाईत लिहिलेले अक्षर अशा रीतीने एकदम लाखो घरांत वर आले. हयातीचा दाखला द्यायला सेवा केंद्रात गेलेल्या म्हाताऱ्यांना तिथल्या पोराकडून कळू लागले की तुमचे नाव जुळत नाही.

मावशीच्या कामाला चौदा महिने लागले. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचे तहसीलमधले प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, वर्तमानपत्रातली जाहिरात, जिल्हा सैनिक कार्यालयाचे शिफारसपत्र, मग रेकॉर्ड ऑफिसची पार्ट टू ऑर्डर आणि शेवटी प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाकडून पीपीओचे दुरुस्तीपत्र. पहिल्या खेपेला अर्ज परत आला, कारण फोटोवर सरपंचाचा शिक्का निम्माच उमटला होता. मधल्या काळात तिने दोन शेळ्या विकल्या. दुरुस्तीपत्र आले त्या दिवशी तिने मला ते मोठ्याने वाचायला लावले. काकांचा आर्मी नंबर, रँक, नाव, आणि त्याखाली पत्नी म्हणून लक्ष्मी. तिने कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘‘सोनाबाई खोडली का त्यांनी?’’ खोडली नव्हती. ‘उर्फ’ लावून दोन्ही नावे ठेवली होती.