बिनटाक्याचं म्हणजे बिनवणाचं नव्हे

केस लावून घ्यायचं, म्हणजे हेअर ट्रान्सप्लांट करायचं, ठरवलेला माणूस सलूनच्या खुर्चीत बसला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "एफयूई करतोय, त्यात टाके नाहीत, म्हणजे वण पण नाही." एफयूई म्हणजे डोक्याच्या मागचे केस मुळासकट एकेक करून उचलून पुढं लावायची पद्धत. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसरा साफ चुकीचा. मी डॉक्टर नाही, केस कापणारा आहे. पण डोक्याच्या मागच्या बाजूला मशीन मीच फिरवतो, तिथं काय उरतं ते मला रोज दिसतं आणि जे कळलं नाही ते सर्जन मंडळींना विचारून घेतलंय. हा एक गैरसमज ऐकून ऐकून जीव वैतागलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

एफयूटी, म्हणजे पट्टी पद्धत, बहुतेकांना ठाऊक असते. डोक्याच्या मागून, एका कानापासून दुसऱ्या कानाकडे, साधारण एक ते दीड सेंटीमीटर रुंदीची कातडीची पट्टी काढतात, जखम टाक्यांनी शिवतात, पट्टीतले केस मायक्रोस्कोपखाली सुटे करून पुढं लावतात. मागं एक आडवी रेघ राहते. यात कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो एफयूईत. इथं पट्टी काढत नाहीत. आठ ते दहा दशांश मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पंचनं एकेक ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचा बारीक पुंजका, गोल कापून उचलतात. भोक इतकं लहान असतं की शिवायची गरज पडत नाही, आठवडा-दहा दिवसांत आपोआप भरून येतं. म्हणून टाके नाहीत. पण ते भोक वरवरचं खरचटणं नसतं. पंच कातडीच्या आतल्या थरापर्यंत जातो आणि त्या खोलीवर झालेली कुठलीही जखम वण ठेवूनच भरते. त्या जागी केसाचं मूळ पुन्हा तयार होत नाही, बऱ्याचदा कातडीचा रंगही पूर्ण परत येत नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर मग बारीक पांढरट ठिपके दिसतात. रेघ नाही, ठिपके आहेत. एक वण नाही, जितके ग्राफ्ट तितके वण आहेत.

हिशोबच करून बघा. ०.९ मिलिमीटर पंचाचं एक भोक सुमारे ०.६४ चौरस मिलिमीटरचं. २५०० ग्राफ्ट काढले तर सगळी भोकं मिळून जवळपास १६ चौरस सेंटीमीटर कातडी झाली. उलट पट्टीची रेघ २५ सेंटीमीटर लांब आणि दोन मिलिमीटर रुंद धरली तरी पाच चौरस सेंटीमीटर. भोक भरताना आकसतं, त्यामुळे ठिपका पंचापेक्षा लहान राहतो हे मान्य. तरीही एकूण वणाची बेरीज केली तर 'वण नसलेली' पद्धत पट्टीच्या मागं राहत नाही.

मग एफयूईचा फायदा काय? वण विखुरलेला असतो. प्रत्येक ठिपक्याच्या चारी बाजूंना केस उभे असतात आणि ते त्याला झाकतात. सगळी खुबी या शेजारच्या केसांत आहे. डोक्याच्या मागच्या भागात एका चौरस सेंटीमीटरला साधारण ६५ ते ८५ ग्राफ्ट असतात. त्यातले थोडे, अंतर राखून, सगळीकडून सारखे उचलले तर कळत नाही. उसाच्या फडातून इथला एक, तिथला एक ऊस काढला तर बांधावरून फड भरलेलाच दिसतो. एकाच कोपऱ्यातले काढले तर तिथं टक्कल पडतं. पण एका बैठकीत जास्तीत जास्त ग्राफ्ट काढून देण्याची चढाओढ लागलीय आणि गिऱ्हाईकही आकड्यालाच भुलतं. "चार हजार काढले" हे अभिमानानं सांगणारी डोकी मागून किडीनं खाल्ल्यासारखी विरळ दिसतात. त्यावर मशीन कसंही फिरवलं तरी झाकता येत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. मागच्या भागातला मधला पट्टा टक्कल पडतानाही बहुधा टिकतो, म्हणून ग्राफ्ट तिथूनच घ्यायचे असतात. आकडा भरायचा म्हणून मानेजवळून किंवा वर टाळूकडून घेतले, तर पुढं कधीतरी तिथले केस आपोआप जातात, ठिपके उघडे पडतात आणि पुढं लावलेले तेवढे केसही गळतात.

पंचाचा आकार नक्की विचारा. ०.८ आणि १.० मिलिमीटर ऐकायला सारखेच वाटतात, पण भोकाच्या क्षेत्रफळात दीडपटीहून जास्त फरक पडतो. म्हणून सगळ्यात बारीक पंच मागून घ्यावा असंही नाही. फार बारीक पंचानं केसाचं मूळच कापलं जातं. मग वण राहतो आणि ग्राफ्टही वाया जातो. आकडा सांगून त्यामागचं कारण समजावणारा सर्जन शोधा.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत. एक नंबर मशीन, म्हणजे तीन मिलिमीटर केस ठेवले, तर पट्टीची रेघ बहुतेकांची दिसते. तीन-चार नंबरला, दहा ते तेरा मिलिमीटरवर, चांगली शिवलेली रेघ झाकली जाते. नीट केलेली एफयूई एक-दोन नंबरला झाकते. झिरो किंवा वस्तरा फिरवला तर दोन्ही दिसतात. म्हणून पद्धत निवडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : पुढच्या वीस वर्षांत मागचे केस किती बारीक ठेवणार? बाजूनं फेड, म्हणजे खाली बारीक होत जाणारी कटिंग, मारायची सवय असेल तर एफयूई. केस भरघोस ठेवायचे असतील आणि ग्राफ्टही पुष्कळ लागणार असतील, तर चांगल्या हाताची पट्टी मला जास्त पसंत आहे. तिला जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही. जखमेची एक कड तिरपी छाटून शिवण्याची पद्धत असते, ट्रायकोफायटिक क्लोजर. तिच्यामुळं रेघेतूनच केस उगवतात आणि ती आणखी फिकी पडते.

तालमीतल्या पोरांना मात्र पट्टी नकोच. शिवलेली कातडी तीन आठवड्यांनी मूळ ताकदीच्या एक तृतीयांशाइतकीही झालेली नसते. तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांपर्यंत येते आणि तिथंच थांबते. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं समजून जोर-बैठका आणि मानेची मेहनत सुरू केली की रेघ ताणून रुंद होते. पट्टी केलीच असेल तर मेहनत कधी सुरू करायची ते सर्जनला विचारा, वस्तादाला नाही.

दुखणं, सूज, किती दिवस सुट्टी, यात दोन्हींत जीवन-मरणाचा फरक नाही. त्यावर फार वेळ घालवू नका.

वण वाढवणाऱ्या गोष्टी दोन्हींत सारख्याच आहेत. मावा आणि सिगारेट आधी बंद. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला पुरेसं रक्त पोचत नाही. रक्तातली साखर आटोक्यात हवी. खपली नखानं काढायची नाही, त्यावर हळद, लिंबू, खोबरेल काही थापायचं नाही. चैत्रात जोतिबाला जायचं असेल तर ऑपरेशनची तारीख यात्रेनंतरची घ्या. भरत आलेल्या भोकांवर गुलाल नको आणि डोंगरावरचं ऊनही नको, ताजा वण उन्हानं काळवंडतो. आणि घरातली वडीलधारी मंडळी मटण बंद करायला लावतात, ते ऐकू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात. तांबडा-पांढरा रस्सा खाल्ल्यानं पू होत नाही.

भिकबाळीसाठी टोचलेला कान गाठीसारखा फुगला असेल, किंवा छातीवरच्या फोडाचा वण वाढत गेला असेल, तर पहिल्या भेटीतच सांगा. ही केलॉइडची, म्हणजे वण जखमेबाहेर वाढत जाण्याची, खूण असू शकते आणि तसं असेल तर दोन्ही पद्धतींबाबत पुन्हा विचार करावा लागतो.

भोकं कोण पाडणार हेही तोंडावर विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की व्हिडिओ बघून किंवा एखादी कार्यशाळा करून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, त्यासाठी रीतसर प्रशिक्षण लागतं. सर्जन नुसता भेटून जाणार आणि पंच दुसराच कुणी चालवणार असेल तर तिथून उठून या.

वण आधीच झाला असेल तर निदान वर्षभर थांबा, तो तोवर बदलत असतो. नंतर रेघेत एफयूईनं थोडे ग्राफ्ट लावता येतात आणि ठिपक्यांमध्ये केसाच्या रंगाचे बारीक टिंब गोंदवून घेता येतात, त्याला स्काल्प मायक्रोपिग्मेंटेशन म्हणतात. दोन्हींनी वण जात नाही, लपतो. तोवर मागे चार नंबरच्या खाली मशीन लावू देऊ नका आणि सलूनमध्ये बसल्या बसल्या, कात्री हातात घ्यायच्या आधी, ऑपरेशन झालंय हे सांगा.