बिंदूच्या आधीचे रझा

चित्रकार सय्यद हैदर रझा म्हटलं की त्यांच्या चित्रांतला काळाभोर बिंदू डोळ्यासमोर येतो. लिलावाच्या बातम्यांमध्ये तो असतो, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही असतो. या बिंदूने एक मोठा तोटा केला आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे वयाची पन्नाशी ओलांडेपर्यंत, रझा मुख्यतः निसर्गचित्रकार होते आणि तेही एक्स्प्रेशनिस्ट वळणाचे. समोर दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा त्या देखाव्याने मनात उठवलेला कल्लोळ रंगवणारे. त्या तीस-पस्तीस वर्षांच्या कामाकडे आपल्याकडे ‘बिंदूपूर्व तयारी’ म्हणून पाहिलं जातं, ते मला पटत नाही. त्या काळात त्यांच्या चित्राने घेतलेल्या बहुतेक प्रत्येक वळणामागे त्यांच्याशी बोललेला कुणीतरी माणूस आहे. ही माणसं ठाऊक असली तर ती चित्रं वेगळी दिसू लागतात.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ चा, मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात होते, त्यामुळे बालपण जंगलाच्या कुशीत गेलं. त्या जंगलातली रात्रीची भीती आणि उजाडल्यावर मिळणारा दिलासा यांबद्दल ते आयुष्यभर बोलत राहिले. चंचल पोराचं चित्त थाऱ्यावर यावं म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांना पाठ असते. १९३९ पासून चार वर्षं ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि १९४३ मध्ये मुंबईला आले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायचं म्हणून आले खरे, पण पोचायला उशीर झाल्याने प्रवेश हुकला. मग छपाईचे ब्लॉक करणाऱ्या स्टुडिओत नोकरी आणि संध्याकाळी चित्रकलेचे वर्ग असं सुरू झालं. जे. जे. पुढे झालंच.

याच सुमाराला त्यांना वॉल्टर लँगहॅमर भेटले. १९०५ मध्ये ग्राझला जन्मलेले हे ऑस्ट्रियन चित्रकार १९३८ साली मुंबईत आले. हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता आणि पत्नी केटी ज्यू होती, तेव्हा व्हिएन्नात राहणं शक्यच नव्हतं. इथे ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलादिग्दर्शक झाले. त्यांची स्वतःची निसर्गचित्रं कोकोश्का या ऑस्ट्रियन एक्स्प्रेशनिस्ट चित्रकाराच्या वळणाची होती: जाड रंग, हाताचा वेग दाखवणारे फटकारे आणि इथल्या उन्हाने भडकलेले रंग. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. आणलेली चित्रं भिंतीला टेकवून ठेवायची, त्यांवर बोलायचं, युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती पाहायच्या, असा तो शिरस्ता होता. रझांना तर त्यांनी आपला स्टुडिओ वापरायला दिला.

इथे जरा मागे जाऊन १९३७ मधलं म्युनिक पाहायला हवं. त्या वर्षी नाझींनी एक्स्प्रेशनिस्टांची चित्रं ‘भ्रष्ट कला’ म्हणून हेटाळणीसाठी प्रदर्शनात मांडली. स्वतःच्या मुलखातून अशी हुसकावलेली चित्रदृष्टी पुढच्या काही वर्षांत मलबार हिलच्या पायथ्याशी रविवारच्या चहाबरोबर चर्चेला येत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लँगहॅमर एकटे नव्हते. बर्लिनचे रूडी फॉन लायडन १९३३ मध्येच आले होते. मूळचे भूगर्भशास्त्राचे डॉक्टर, पण ‘टाइम्स’मध्ये कलासमीक्षा लिहीत आणि ‘डेन्ली’ या नावाने व्यंगचित्रं काढत. व्हिएन्नाहून आलेले इमॅन्युएल श्लेसिंजर औषधांच्या व्यवसायात होते आणि या पोरांची चित्रं विकत घेत. बिदागीची आशा नसलेल्या चित्रकाराला शिकवणारा, त्याच्यावर लिहिणारा आणि त्याच्यासाठी पैसे मोजणारा, तिघेही या मंडळींत मिळाले.

त्या वर्षांतलं रझांचं एक जलरंगचित्र आहे, पावसातल्या फ्लोरा फाउंटनचं, १९४५ मधलं. इमारतींच्या कडा विरघळल्या आहेत आणि रंग कागदाच्या ओलाव्यातच एकमेकांत मिसळू दिला आहे. मुंबईचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला ते चित्र लगेच कळतं. हात विलक्षण सफाईचा आहे. पण ती सफाईच पुढे अडचण ठरणार होती.

१९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला. एफ. एन. सूझा, आरा, रझा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. जाहीरनामा सूझांच्या लेखणीतला, भांडणाचा आवेशही बराचसा त्यांचाच. सहा जणांत सूर एक नव्हता, विषयही एक नव्हता. निसर्गचित्राची ओढ मुख्यतः दोघांना होती, रझांना आणि तळेगाव दशासरच्या हरि अंबादास गाड्यांना. गाडे विज्ञानाचे पदवीधर. तेही नागपूरच्याच कलाशाळेतून गेलेले. ग्रुपचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये झालं आणि त्याचं उद्घाटन लेखक मुल्कराज आनंदांनी केलं.

या धामधुमीतच रझांच्या घरी पडझड झाली होती. आई १९४७ मध्ये गेली, वडील १९४८ मध्ये. फाळणीनंतर बहुतेक भावंडं पाकिस्तानात निघून गेली. रझा राहिले.

१९४८ मध्ये ते काश्मीरला गेले. आदल्या वर्षीच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं बारामुल्ला त्यांनी रंगवलं. श्रीनगरमध्ये त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. गांधीजींची अंत्ययात्रा कॅमेऱ्यात टिपणारा तो हाच. त्याने रझांची चित्रं पाहिली आणि स्पष्ट सांगितलं, की तुझ्या अंगात गुण आहेत, पण चित्रात रचना नाही. घराला पाया, भिंती, तुळया लागतात तसं चित्र आतून बांधावं लागतं. सेझान बघ, म्हणजे चित्र असं आतून बांधणारा फ्रेंच चित्रकार. मुंबईत पदकं मिळवत असलेल्या सव्वीस वर्षांच्या चित्रकाराला हे ऐकणं सोपं नव्हतं. रझांनी ते मनावर घेतलं. मुंबईला परतून फ्रेंच शिकायला सुरुवात केली, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० च्या ऑक्टोबरात पॅरिस गाठलं.

परिणाम १९५१ च्या ‘ओ द कान्य’ या चित्रात दिसतो. दक्षिण फ्रान्समधलं डोंगरावरचं गाव. जलरंगातली ओल पार गेली आहे. घरं ठोकळ्यांसारखी, कडा सुरीने कापल्यासारख्या, आणि गावात माणूस नाही. चिटपाखरूही नाही. याला नुसता सेझानचा अभ्यास म्हणून कसं सोडून द्यावं? नुकतंच ज्याचं सगळं घर उठून सरहद्दीपलीकडे गेलं, त्याने रंगवलेली ही रिकामी घरं आहेत, असं मी वाचतो. तसं रझांनी कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. वाचन माझं आहे.

मुंबईची संगत पॅरिसमध्येही सुटली नाही. सूझा १९४९ पासून लंडनला होते, अकबर पदमसी १९५१ मध्ये पॅरिसला पोचले. १९५२ मध्ये तिघांनी गालेरी सँ-प्लासीदमध्ये एकत्र चित्रं लावली. बाकीच्यांशी पत्रं चालू होती. सगळ्यांत लांबला तो चित्रकार कृष्ण खन्नांशी झालेला पत्रव्यवहार, जो पुढे छापूनही आला. खन्ना तेव्हा मुंबईत बँकेत नोकरी करत होते. १९६१ मध्ये त्यांनी ती सोडली. या पत्रांत तत्त्वज्ञान कमी आणि व्यवहार जास्त आहे: प्रदर्शन कुठे, चित्रं पाठवायची कशी, पैसे कधी येणार, आणि मधूनच एकमेकांच्या कामावर चार रोखठोक ओळी. परदेशात एकट्या पडलेल्या चित्रकाराला त्या चार ओळींची किंमत किती, हे त्यालाच ठाऊक.

दरम्यान रझांनी तैलरंग धरला आणि ठोकळे पुन्हा वितळू लागले. पण आता आत बांधणी होती. जाड रंगाच्या थरांतून लाल छपरं, चर्चचा मनोरा, काळं आभाळ असं सगळं एकमेकांवर आदळत येतं. लँगहॅमरांकडे पाहिलेला तो आवेग सेझानच्या शिस्तीतून जाऊन परत आला होता. १९५६ मध्ये त्यांना ‘प्री द ला क्रितीक’ हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, जो तोवर एकाही परदेशी चित्रकाराला मिळाला नव्हता. १९५९ मध्ये त्यांनी जानीन मोंजिला या चित्रकर्तीशी लग्न केलं. दोघांची ओळख पॅरिसच्या कलाशाळेतली. पुढे दक्षिणेतल्या गोर्बिओ गावात त्यांचे उन्हाळे गेले.

१९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकवायला गेले असताना मार्क रॉथ्को या अमेरिकन अमूर्त चित्रकाराची चित्रं पाहून त्यांना नवी वाट दिसली. तिथून घरं आणि झाडं ओळखू येणं थांबलं. उरली ती रात्र, आग, माती. ‘ला तेर’ म्हणजे पृथ्वी, ‘तपोवन’, ‘राजस्थान’ ही सत्तरच्या आसपासची चित्रं. काळ्यातून उसळणारा शेंदरी आणि पिवळा रंग त्यांत पाहिला की मंडल्याचं जंगल ओळखायला नाव वाचावं लागत नाही. माझ्या मते रझांचं सर्वांत थोर काम हेच. बिंदू याच्याच पोटातून आला. १९८३ च्या ‘सौराष्ट्र’मध्ये भूमितीच्या चौकटी आल्या, तरी त्यांच्या आत जमीनच धगधगते आहे.

रझा २०१० च्या अखेरीस कायमचे भारतात परतले आणि २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत गेले. दफन मंडल्याला झालं, वडिलांच्या शेजारी. त्यांच्यावर आता भरपूर लिहिलं जातं. गाड्यांवर मात्र मराठीतही फार थोडं आहे. ते मुंबईतच राहिले, आयुष्यभर निसर्गचित्रं करत राहिले, २००१ मध्ये वारले. रझांनी पॅरिसच्या काळात रंगवलेल्या घरांशेजारी गाड्यांनी रंगवलेली घरं ठेवून पाहा: एकाच कलाशाळेतून निघालेले दोन विदर्भी-नर्मदाकाठी हात, एकाच ग्रुपमधले, आणि तरी किती वेगळे रंग. ही तुलना करणारं प्रदर्शन मुंबईत आणि नागपुरात व्हायला हवं, आणि ते व्हायला आधीच फार उशीर झाला आहे.