लेकी बोले, सुने लागे: अमेरिका आणि युरोप एकमेकांकडे पक्षाच्या चष्म्यातून का पाहतात

ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लार्क काउंटीतल्या लोकांना अनोळखी ब्रिटिश माणसांची पत्रं येऊ लागली. लंडनच्या एका डावीकडे कललेल्या दैनिकाने ही मोहीम काढली होती. काउंटीची मतदारयादी पैसे भरून रीतसर मिळवली, कोणत्याच पक्षाकडे नोंद नसलेल्या मतदारांची नावं त्यातून काढली आणि मागेल त्या वाचकाला एकेक नाव-पत्ता दिला. तुमच्या अध्यक्षाच्या निर्णयांची झळ आम्हालाही लागते, तेव्हा मत देताना आमचाही विचार करा, असं वाचकाने त्या मतदाराला आपल्या शब्दांत सांगायचं होतं. हजारो वाचक पुढे आले. एक नामवंत कादंबरीकार, एक शास्त्रज्ञ आणि एक इतिहासलेखिका यांनीही पत्रं लिहिली.

उत्तरं आली ती जळजळीत होती. तुमच्या सल्ल्यावाचून चालावं म्हणून तर आमच्या पूर्वजांनी १७७६ मध्ये फारकत घेतली, हा अनेकांचा सूर. काहींनी ब्रिटिशांच्या किडक्या दातांपर्यंत मजल मारली. दैनिकाने मोहीम आवरती घेतली. या काउंटीत २००० साली डेमोक्रॅटिक उमेदवाराला अवघी ३२४ मतं जास्त पडली होती. २००४ मध्ये तिथे रिपब्लिकन अध्यक्ष दीड हजाराहून अधिक मतांनी पुढे गेले. पारडं पत्रांमुळेच फिरलं असं कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण तिथल्या रिपब्लिकन कार्यकर्त्यांच्या हातात प्रचाराचा आयता मुद्दा पडला, हे नक्की.

हाच प्रकार ५६ वर्षांपूर्वी उलट्या दिशेने झाला होता. एप्रिल १९४८ च्या इटलीतल्या निवडणुकीत कम्युनिस्ट आणि समाजवादी एकत्र लढत होते. तेव्हा अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांनी गावाकडच्या नातलगांना ढिगांनी पत्रं धाडली: कम्युनिस्टांना मत दिलंत तर अमेरिकेची मदत थांबेल. पत्रांचे छापील नमुने वाटले जात होते आणि अमेरिकी सरकारही पडद्याआडून पैसा ओतत होतं. तिथे ख्रिश्चन डेमोक्रॅट जिंकले. मामाने भाच्याला लिहिलेलं पत्र आणि लंडनच्या प्राध्यापकाने क्लार्क काउंटीतल्या स्प्रिंगफील्डच्या अनोळखी कामगाराला लिहिलेलं पत्र, या दोहोंतला फरक २००४ च्या मोहिमेने लक्षात घेतला नाही.

ही खोड दोन्ही तीरांवर जुनी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९० च्या दशकात, अमेरिकेचे पहिले दोन पक्ष याच प्रश्नावर हातघाईवर आले: एकाला फ्रान्सचा पुळका, दुसऱ्याला इंग्लंडचा. फ्रान्सधार्जिण्यांना विरोधक ‘जॅकोबिन’ (फ्रेंच क्रांतीतला जहाल गट) म्हणून हिणवत, तर ते उलट समोरच्यांना राजेशाहीचे हस्तक ठरवत. पॅरिसमध्ये काय चाललंय यापेक्षा अमेरिकेच्या तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियात, कोण वरचढ ठरतो, हाच खरा वाद होता. आपल्याकडे याला नेमका शब्दप्रयोग आहे: लेकी बोले, सुने लागे. पुढची दोनशे वर्षं युरोपविषयी बोलणारा अमेरिकी पुढारी बहुतेक वेळा घरातल्या सुनेलाच सुनावत आला आहे. युरोपातही चित्र वेगळं नाही.

आजच्या चित्राची खरी मांडणी मात्र झाली २००२-०३ मध्ये, आणि तिचा उगम वॉशिंग्टनइतकाच जर्मनीतही होता. २००२ च्या उन्हाळ्यात जर्मन चॅन्सेलर जनमत चाचण्यांत मागे होते. मग ऑगस्टमध्ये एल्बे नदीला महापूर आला आणि मदतकार्यामुळे त्यांची प्रतिमा सावरली. त्याच सुमाराला त्यांनी इराकवरच्या संभाव्य हल्ल्यात जर्मनी उतरणार नाही, हे प्रचाराचं मुख्य सूत्र केलं. २२ सप्टेंबरला निकाल लागला: दोन्ही मोठ्या गटांना ३८.५ टक्के, सत्ताधारी पुढे सुमारे सहा हजार मतांनी. प्रचाराच्या अखेरीस त्यांच्या कायदामंत्र्यांनी अमेरिकी अध्यक्षांच्या राजकारणाची तुलना हिटलरच्या क्लृप्तीशी केल्याची बातमी आली आणि निवडणुकीनंतर त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. व्हाइट हाउसमधून अभिनंदनाचा फोन गेला नाही.

२२ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी एका पत्रकाराच्या प्रश्नाला उत्तर देताना फ्रान्स आणि जर्मनीला ‘जुना युरोप’ म्हटलं. आठ दिवसांनी ब्रिटन, स्पेन, इटली, पोलंडसह आठ देशांच्या नेत्यांचं अमेरिकेला साथ देणारं पत्र छापून आलं. त्यावरून युरोप देशादेशांत फाटला, असं तेव्हा सगळीकडे लिहिलं गेलं. माझ्या मते ते वाचन अपुरं होतं. फाट देशांच्या आतून, पक्षापक्षांमधून गेली होती. स्पेनचं उजवं सरकार अमेरिकेसोबत होतं, पण तिथले समाजवादी आणि रस्त्यावर उतरलेले लाखो लोक विरोधात होते. १४ मार्च २००४ रोजी, माद्रिदच्या रेल्वेगाड्यांतल्या बॉम्बस्फोटांनंतर तीन दिवसांनी, तिथे सत्तांतर झालं आणि नव्या सरकारने इराकमधून सैन्य परत बोलावलं. जर्मनीच्या विरोधी पक्षनेत्यांनी तर फेब्रुवारी २००३ मध्ये थेट वॉशिंग्टनच्या एका दैनिकात लेख लिहिला: आमचे चॅन्सेलर सगळ्या जर्मनांच्या वतीने बोलत नाहीत. परदेशी दैनिकात जाऊन स्वतःच्या सरकारविरुद्ध लिहिल्याबद्दल मायदेशी त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पावणेतीन वर्षांनी त्याच चॅन्सेलर झाल्या.

अमेरिकेत मार्च २००३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहांतल्या ‘फ्रेंच फ्राइज’चं नाव बदलून ‘फ्रीडम फ्राइज’ केलं गेलं. एका रिपब्लिकन समितीप्रमुखाचा तो निर्णय होता आणि २००६ मध्ये गाजावाजा न करता जुनं नाव परत आलं. या बटाट्याच्या कापांची हकिगत आजवर पुष्कळदा सांगून झाली आहे. तिच्यापेक्षा जास्त काळ टिकलं ते ‘फ्रेंच’ हे विशेषण. २००४ च्या डेमोक्रॅटिक उमेदवाराला अस्खलित फ्रेंच येत असे; तो फ्रेंचच दिसतो, असा प्रचार झाला. २०१२ मध्ये तर रिपब्लिकन पक्षांतर्गत लढतीत एका उमेदवाराने दुसऱ्याविरुद्ध जाहिरात केली, तिचा शेवट ‘हासुद्धा फ्रेंच बोलतो’ असा होता. तरुणपणी धर्मप्रचारक म्हणून फ्रान्समध्ये काढलेली दोन-अडीच वर्षं त्या माणसाला स्वतःच्याच पक्षात नडली.

इथे एका शब्दापाशी थांबायला हवं, कारण निम्मे गैरसमज त्यातून निघतात. तो शब्द म्हणजे ‘लिबरल’. १८१० च्या सुमाराला स्पेनमध्ये, कादिस इथे राज्यघटना करायला जमलेल्या एका गटाचं ते नाव होतं: राजाच्या मनमानीला लगाम, छपाईला मोकळीक. ब्रिटनमध्ये त्याला खुल्या व्यापाराची जोड मिळाली. युरोपातल्या बहुतेक देशांत तो अर्थ अजून टिकून आहे. तिथला लिबरल करकपात मागतो आणि बऱ्याचदा उजव्यांसोबत सरकारात बसतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात महामंदीवर सरकारी खर्चाचा उतारा काढणाऱ्या अध्यक्षांनी हाच शब्द आपल्या कार्यक्रमाला लावला. खरे लिबरल आम्हीच, असं त्यांच्याआधीचे अध्यक्ष सांगत राहिले, पण शब्द हातचा गेला होता. १९८८ च्या निवडणुकीपर्यंत अमेरिकेत तो शिवीसारखा वापरला जाऊ लागला. एकाच शब्दाने एका तीरावर सरकारचा हात आखडायला सांगणारा ओळखला जातो, दुसऱ्या तीरावर तो सैल सोडायला सांगणारा.

मराठीत याची आणखी एक गाठ बसते. आपण ‘उदारमतवादी’ म्हणतो तेव्हा मागे रानडे-गोखल्यांची परंपरा असते, जहालांसमोरचे मवाळ असतात. १९१८ साली मुंबईत काँग्रेसपासून वेगळे झालेले लिबरल असतात. सप्टेंबर २००९ मध्ये मी एका मराठी दैनिकात परदेशी बातम्यांचं पान लावत होतो. जर्मनीच्या निवडणुकीत तिथल्या लिबरल पक्षाने १४.६ टक्के मतं घेतली, त्यांची आजवरची सर्वाधिक. ‘जर्मनीत उदारमतवाद्यांची मुसंडी’ असा मथळा पानावर गेला. अमेरिकेत वर्षभरापूर्वीच सत्तांतर झालं होतं, त्यामुळे तिथलं वारं जर्मनीत पोचलं असाच अर्थ वाचकांनी घेतला. प्रत्यक्षात करकपातीची हमी देणारा पक्ष उजव्यांच्या मांडीला मांडी लावून सत्तेत बसणार होता. म्युनिकला नोकरी करणाऱ्या एका वाचकाने दोन पानी ईमेल पाठवून ते समजावून सांगितलं. आम्ही दुरुस्ती छापली नाही, आणि ती सल मला अजून आहे.

गुंता डेन्मार्कमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या व्हरमाँटच्या सिनेटरने आपल्या लोकशाही समाजवादाचा नमुना म्हणून डेन्मार्ककडे बोट दाखवलं. महिनाअखेरीस डेन्मार्कचे पंतप्रधान मॅसॅच्युसेट्समधल्या एका विद्यापीठात भाषणाला आले होते. आमचा देश नियोजनबद्ध समाजवादी अर्थव्यवस्थेपासून फार दूर आहे, तिथे बाजाराचीच अर्थव्यवस्था आहे, असा खुलासा त्यांनी केला. अमेरिकी उजव्यांनी तो उचलून धरला. पण त्याच भाषणात त्यांनी सर्वांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेचा आणि मोफत शिक्षणाचा उल्लेख केला होता, तो भाग मागे पडला. आणि या पंतप्रधानांच्या तेव्हाच्या पक्षाचं नाव? ‘वेन्स्त्रे’, म्हणजे ‘डावे’. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांच्या उजव्या पक्षासमोर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी उभे राहिले, तेव्हाचं ते नाव. आज तो मध्यापासून उजवीकडचा पक्ष आहे आणि युरोपीय संसदेत लिबरल गटात बसतो.

हंगेरीचा प्रवास त्याहून लांबचा. तिथे १९८८ मध्ये तरुणांनी स्थापन केलेला पक्ष १९९२ साली जागतिक लिबरल संघटनेत गेला, २००० मध्ये बाहेर पडला. २०१४ च्या जुलैमध्ये त्याच पक्षाच्या पंतप्रधानांनी आपल्याला ‘लिबरल नसलेलं राष्ट्र’ उभारायचं आहे, असं जाहीर केलं. मे २०२२ मध्ये अमेरिकी उजव्यांचं वार्षिक संमेलन युरोपात पहिल्यांदाच भरलं ते बुडापेस्टला, आणि ऑगस्टमध्ये हेच पंतप्रधान टेक्ससमधल्या डॅलसच्या व्यासपीठावर होते. तिथल्या टाळ्या स्थलांतर, कुटुंब आणि धर्म या विषयांना होत्या. हंगेरीतली सरकारी आरोग्यसेवा त्या श्रोत्यांच्या खिजगणतीत नव्हती.

डाव्यांनी यात काही कमी केलं नाही. २४ जुलै २००८ रोजी डेमोक्रॅटिक उमेदवाराला ऐकायला बर्लिनच्या विजयस्तंभापाशी दोन लाखांचा समुदाय जमला. त्यातल्या बहुतेकांना अमेरिकेत मताधिकार नव्हता. सभा ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोर घ्यायचा विचार होता, पण परदेशी निवडणुकीचा प्रचार तिथे नको, असं चॅन्सेलरबाईंचं मत पडलं. आठवडाभरात प्रतिस्पर्ध्याने त्याच गर्दीची दृश्यं वापरून ‘हा नुसता सेलिब्रिटी’ अशी जाहिरात काढली. मला २००४ च्या पत्रांची आठवण झाली. बर्लिनमधली गर्दी प्रामाणिक होती, पण ओहायोतला मतदार ती कोणत्या नजरेने बघेल, हा हिशेब तिने केला नव्हता.

ओहायोचं नाव २०२४-२५ मध्ये पुन्हा आलं. क्लार्क काउंटीचं मुख्य गाव म्हणजे स्प्रिंगफील्ड. हैतीहून आलेल्या स्थलांतरितांवरच्या खोट्या आरोपामुळे सप्टेंबर २०२४ मध्ये जगभर गाजलं, तेच हे. तो आरोप पसरवणाऱ्यांत ओहायोचेच एक सिनेटर होते. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ते उपाध्यक्ष म्हणून म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत उभे राहिले आणि युरोपला खरा धोका रशिया-चीनचा नसून आतला आहे, असं म्हणाले. जर्मन पक्षांनी कडव्या उजव्यांभोवती उभारलेली भिंत, जिला तिकडे ‘आगीला रोखणारी भिंत’ म्हणतात, लोकशाहीत बसत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच दिवशी ते कडव्या उजव्या पक्षाच्या नेत्यांना भेटले. जर्मनीत मतदान नऊ दिवसांवर आलं होतं.

२३ फेब्रुवारीला त्या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, आधीच्या निवडणुकीच्या दुप्पट. पहिले आले मध्यममार्गी उजवे, २८.५ टक्के घेऊन. वॉशिंग्टनच्या दैनिकात २००३ मध्ये ज्यांच्या पक्षनेत्यांनी लेख लिहिला होता, तोच हा पक्ष. त्यांचे होऊ घातलेले चॅन्सेलर दहा वर्षं जर्मन-अमेरिकी मैत्रीसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे प्रमुख होते. निकालाच्या रात्री टीव्हीवर ते म्हणाले की, या निवडणुकीतली वॉशिंग्टनची ढवळाढवळ मॉस्कोच्या ढवळाढवळीपेक्षा कमी नव्हती.