वरची झाडी गेली की खालच्या मोरीचा हिशोब का बदलतो?

शेततळे, बंधारा किंवा मोरीचे (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेचे) काम आमच्याकडे आले की आम्ही आधी वरच्या उताराची चौकशी करतो: तिथे आज काय उगवले आहे, पूर्वी काय होते? काही ग्राहकांना हे अनाठायी वाटते. हे पत्रक त्यांच्यासाठी.

उष्ण कटिबंधात बराचसा पाऊस थोड्या वेळात धो धो कोसळतो. मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने आदळतो. उघड्या जमिनीवर हा मार बसला की माती फुटते, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर पापडी धरते. मग पाणी मुरायच्या आधीच पळ काढते. त्यात गुरांच्या खुरांनी किंवा यंत्रांच्या चाकांनी जमीन दबली असेल, तर विचारायलाच नको.

झाडीखाली पालापाचोळा हा मार झेलतो. मुळांच्या वाटांनी, गांडुळांच्या आणि वाळवीच्या बिळांतून पाणी खोल उतरते. लोक सगळे श्रेय झाडाच्या पसाऱ्याला देतात. आमच्या मते ते पायथ्याच्या कचऱ्याला द्यायला हवे. सागाच्या रुंद पानांवर पाणी साचून टपोरे थेंब पडतात, आणि खालचा पाचोळा जाळलेला असेल तर उंच झाडे उभी असूनही माती वाहून जाते.

आता आकडे. वाहून जाणाऱ्या पाण्याचा (अपधावेचा) अंदाज आम्ही ‘कर्व्ह नंबर’ पद्धतीने काढतो: माती आणि तिच्यावरचे आच्छादन पाहून जमिनीला एक क्रमांक द्यायचा; क्रमांक जितका मोठा, तितके पाणी जास्त वाहते. मध्यम मुरणाच्या जमिनीवर चांगल्या जंगलाचा क्रमांक 55, उघड्या पडीत रानाचा 86. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर जंगलातून सुमारे 13 मिलिमीटर पाणी वाहते, उघड्या रानातून 63. हेक्टरी 1 मिलिमीटर म्हणजे 10 हजार लिटर, म्हणजे 1.3 लाख लिटरच्या जागी 6.3 लाख. पाऊस 300 मिलिमीटर धरला, तर हेच आकडे 143 आणि 255 होतात: जवळपास पाचपटीचा फरक पावणेदोनपटीवर येतो. माती तुडुंब भरली की जंगलही हात टेकते, त्यामुळे ‘वर जंगल आहे, पूर येणार नाही’ या भरवशावर सांडवा (जादा पाणी बाहेर सोडण्याची वाट) लहान ठेवू नये.

ही पद्धत मुळात अमेरिकेतल्या छोट्या पाणलोटांवरून बसवलेली. ती जशीच्या तशी वापरणे आम्हाला पटत नाही. जमेल तिथे ओढ्याची मोजणी करून पडताळतो.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. झाडे पाणी पितात, त्यामुळे ती तोडल्यावर ओढ्याचा वर्षभराचा एकूण प्रवाह बहुधा वाढतो. पण जमीन बिघडली असेल तर ही वाढ पावसाळ्यातच निघून जाते, आणि मुरण घटल्यामुळे उन्हाळ्यात झरे लवकर आटतात. उजाड उतारावर नवी दाट लागवड केली, तरी झरे लगेच फुटत नाहीत: रोपे पाणी ओढू लागतात, माती सुधारायला मात्र बरीच वर्षे लागतात. समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर) आणि गवत लवकर कामाला येतात, म्हणून लागवडीसोबत आम्ही ते सुचवतो.

वरच्या बाजूला तोड, रस्ता किंवा सपाटीकरण होणार असल्याचे कानावर आले असेल, तर आराखडा पक्का होण्याआधी सांगा. बांधून झालेल्या मोरीचा व्यास वाढवायचा म्हणजे ती फोडूनच काढावी लागते.