समपातळी बांध की ढाळीचा बांध?

रस्त्यावरून पाहिलं तर दोन्ही सारखेच. उताराला आडवा टाकलेला मातीचा लांबच लांब बांध, वर गवत, कडेला एखादी बाभळ. गावात दोघांनाही नुसतं ‘बांध’ म्हणतात, विदर्भात ‘धुरा’. पण समपातळी बांध पाणी अडवून जागीच मुरवतो, तर ढाळीचा बांध पाण्याला बोट धरून हळूच शेताबाहेर नेतो.

समपातळी बांध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच पातळीत असतो. पाण्याला जायला वाटच नाही म्हणून ते थांबतं आणि मुरतं. फारच साचलं तर सांडव्यावरून, म्हणजे जादा पाण्यासाठी बांधात ठेवलेल्या वाटेने, खाली उतरतं. हलकी-मध्यम, निचऱ्याची जमीन आणि साधारण ७०० मिलिमीटरच्या आत पाऊस, हे त्याचं घर. मुरमाड रानात दुपारी तुंबलेलं पाणी दुसऱ्या दिवशी दिसतही नाही.

हाच बांध भारी काळ्या रानात घातला की गडबड होते. काळी माती भिजली की फुगते, तिची छिद्रं मिटतात आणि पाणी वरच उभं राहतं. बांधालगतचा पट्टा चिबडतो, वाफसा (मशागतीजोगी ओल) येत नाही, तूर पिवळी पडते. उन्हाळ्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि बांधही तिचाच केलेला. मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की पाणी भेगेतून शिरतं आणि बांध फुटतो. मग अख्ख्या पट्ट्यात साठलेलं पाणी एकाच भगदाडातून सुटतं आणि खाली ओघळ पाडत जातं. बांध नसता तर इतकी माती एका जागेवरून गेली नसती. १९७२च्या दुष्काळी कामांपासून आपल्याकडे बांध पुष्कळ पडले. त्यातले किती जमीन बघून पडले, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

भारी जमिनीत किंवा जास्त पावसात ढाळीचा बांध हवा. त्याला लांबीच्या दिशेने शंभर मीटरला २० ते ४० सेंटिमीटर उतार देतात. डोळ्यांना तो कळतही नाही. पाण्याला मात्र कळतो, आणि माती खरवडण्याइतका वेग न घेता ते बांधालगत चालत राहतं.

आखणीतही फरक आहे. समपातळी रेषेला ए-फ्रेम पुरते: सारख्या लांबीचे दोन पाय, मध्ये आडवी पट्टी, दोरीला लटकवलेला दगड. पाय आलटून-पालटून टाकत चाललं की फ्रेममधली बारीक चूक आपोआप कटते. ढाळ द्यायचा तर पायांतलं अंतर २ मीटर धरून एका पायाखाली ६ मिलिमीटरची पट्टी ठोकायची आणि तो पाय कायम पाणवाटेच्या, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या, बाजूला ठेवायचा. म्हणजे शंभर मीटरला ३० सेंटिमीटर. इथे पाय उलटवता येत नाहीत, त्यामुळे चूक साठत जाते. लांब बांधाला डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, आणलेली बरी.

हद्दीचा बांध या दोन्हींत मोडत नाही. तो मोजणीच्या खुणा बघून घातलेला असतो, उतार बघून नव्हे. उताराच्या दिशेने असला तर त्याच्या कडेनेच घळ पडते.

वर डोंगरावर, वनजमिनीत, सहसा बांध नसतोच. तिथे सलग समतल चर खणतात आणि निघालेली माती खालच्या अंगाला लावून तिच्यावर रोपं घेतात. जात समपातळी बांधाचीच.

ढाळीच्या बांधाचं खरं दुखणं त्याच्या शेवटच्या टोकाशी असतं. तिथलं पाणी घ्यायचं कुणी? खालच्या शेजाऱ्याच्या वावरात सोडलं तर पहिल्याच पावसात भांडण. म्हणून उताराच्या सखल कडेला पसरट पाणवाट ठेवायची, तिच्यात हराळी लावायची आणि नांगर तिच्यात घालायचा नाही. ती एक पावसाळा आधी करायची, म्हणजे हराळी मूळ धरते. बांध पुढच्या उन्हाळ्यात.